नऊ पानं आणि एक नंबर

नागपूर, मे महिना

गोट्या,

फोनच करणार होतो पण हे फोनवर सांगायचं प्रकरण नाही बे, कागद-पेन्सिल घेऊन बस. इकडं ऊन असं आहे की दुपारी धरमपेठेत कुत्रं पण दिसून नाही राह्यलं, म्हणून भाचा आणि मी कूलरसमोर पत्ते घेऊन बसलो, इस्पिकचा एक्का ते नव्वी, नऊच पानं. कोडं त्यानंच आणलं: अशी लाव की पहिल्या दोन पानांच्या नंबरला २ नं पूर्ण भाग जावा, पहिल्या तीनच्या नंबरला ३ नं, चारच्या ४ नं, असं करत करत पूर्ण नऊच्या ९ नं. मी म्हटलं दहा मिनिटाचं काम. कूलरनं दोनदा पानं उडवली, चहा झाला, आम्ही तिथंच.

९ ची काळजीच नाही, १ ते ९ ची बेरीज ४५, कसेही लाव. पंजी पाचव्या जागी पक्की. दोन, चार, सहा, आठ या जागांवर सम पानं, म्हणजे बाकी सगळी विषम. आता मजा बघ, चौथ्याच्या आधी विषम पान आहे ना, मग ४ नं जायचं तर तिथं दुर्री नाहीतर छक्कीच (३२, ३६ जातात, ३४, ३८ नाही जात), आठव्या जागेचंही तेच, म्हणून चौकी-अठ्ठी गेल्या दुसऱ्या-सहाव्या जागी. त्यात तीन-तीनच्या गठ्ठ्याची बेरीज ३ नं जायला पाहिजे, म्हणजे मधला गठ्ठा एकतर २५८ नाहीतर ६५४. वरून ८ ची चाळणी लावली की ३,६२,८८० मांडण्यांतून उरतात फक्त दहा! त्यात ९८७६५४३२१ पण आहे, भाचा नाचायलाच लागला.

पण सात बाकी होता ना. सातचं नुसते अंक बघून काही समजत नाही, भागच द्यावा लागते. ९८७६५४३ ला ७ नं भागलं, बाकी ५. गेला. एकेक करत नऊ जण असेच गेले आणि उरला एकटा ३८१६५४७२९. ३८१६५४७ भागिले ७, बरोब्बर ५४५२२१. अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस, दिसायला एखाद्या मीटरच्या रीडिंगसारखा, आणि एक पान इकडचं तिकडं करून दाखव! शेवटी शून्य लावलं तर १० नंही जातो, ते फुकटात.

अंक पुन्हा वापरायची आणि शून्यही घ्यायची सूट दिली की गाडी २५ अंकांपर्यंत जाते, तिथं असा एकच नंबर आहे, ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५, पुढं कोणताही अंक लाव, २६ नं जातच नाही. भाचा म्हणे मामा, वाचून दाखव. एकं दहं शतं करत परार्धापर्यंत गेलो, अठरा घरं झाली, तरी सात अंक उरलेच. इथंही सातच बे!

तुझाच,
बाळ्या