रविवारची बैठक : ‘देऊळ’ पाहूनच या

सर्व सभासदांना नमस्कार. चित्रपटातल्या उपहासावरची पुढची बैठक येत्या रविवारी संध्याकाळी ५.३० वाजता, नेहमीच्याच खोलीत. या वेळी उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (२०११). सिनेमा तिथे दाखवणार नाही, घरून बघून यावं. ‘तेव्हा थिएटरला पाहिला होता’ हे चालणार नाही.

करडी गाय शोधणाऱ्या केश्याला दत्त दिसतात आणि बघता बघता गावातल्या जाणत्या अण्णांनी योजलेला दवाखाना बाजूला पडून गावात देऊळ उभं राहतं. आपण हसतो ते देवाला नव्हे. त्याच्याभोवती थाटलेल्या दुकानांना आणि पुढाऱ्यांच्या हिशेबाला. हा फरक चर्चेत सुटता कामा नये. केश्याचा भाबडेपणा खरा वाटतो म्हणूनच बाकीच्यांचा बेरकीपणा उघडा पडतो, असं माझं मत. केश्याची भूमिका आणि संवाद दोन्ही गिरीश कुलकर्णींचे. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यामुळे संवाद कान देऊन ऐका.

प्रत्येकाने एकच प्रसंग निवडून, त्यात टोला नेमका कुणाला बसतो ते अर्ध्या पानात लिहून आणावं. ‘समाजव्यवस्थेवर भाष्य’ एवढंच लिहिलेला कागद परत मिळेल. नाना पाटेकरांनी रंगवलेल्या भाऊंवर, म्हणजे गावच्या पुढाऱ्यावर, बऱ्याच जणांनी आधीच हक्क सांगितलाय, तेव्हा बाकीच्यांनी दुसरं पात्र बघा. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, चहा तेवढाच सांगता येईल.