लाल फीत आणि आपले बासन

'प्रकरण लालफितीत अडकले' असे आपल्या अंकात वरचेवर वाचतो. इंग्रजी 'रेड टेप'चे हे भाषांतर. इंग्लंडात १७व्या शतकापासून सरकारी आणि कोर्टाचे कागद लाल फितीने बांधत. बॅरिस्टर आजही बांधतात, फक्त ती फीत आता गुलाबी असते. १९व्या शतकात या शब्दाला दिरंगाईचा अर्थ पक्का चिकटला.

मराठीत याच्या जवळचा अस्सल शब्द आहे, बासन. पोथ्या-दप्तरे गुंडाळायचे कापड. आजी पोथीच्या बासनाची गाठ सोडायची तेव्हा कापराचा वास घरभर पसरायचा. 'बासनात गुंडाळणे' त्यातूनच आले. फितीत प्रकरण रखडते, बासनात ते कायमचे पडते. हा फरक बातमीत जपावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा