नक्षीदार मोज्यांची अपुरी कृती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरवणीत आलेल्या कृतीत दोनरंगी मोजा साध्या मोज्याइतक्याच टाक्यांवर विणायला सांगितला आहे. असा मोजा टाचेवरून चढतच नाही. जो रंग वापरात नसतो, तो मागून आडवा जातो आणि तो धागा विणीसारखा ताणला जात नाही. ६४ टाक्यांचा साधा मोजा २.२५ मिमीच्या सुयांवर नीट बसत असेल, तर नक्षीपुरत्या २.७५च्या सुया घ्याव्यात किंवा ७२ टाके घालावेत. दर आठ टाक्यांनी पुन्हा येणारी नक्षी ६४ आणि ७२ दोन्हींत बरोबर बसते. मागचा मोकळा धागा पाच टाक्यांहून लांब गेला की पायाची बोटे अडकतात, म्हणून मध्ये एकदा दोन्ही धाग्यांना एकमेकांभोवती पीळ द्यावा. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके पसरून घ्यावेत. नाहीतर चुण्या पडतात, त्या धुऊनही पुरत्या जात नाहीत. टाच एकरंगी, निम्म्या टाक्यांवर. तिथे पाव भाग नायलॉन असलेली लोकर बरी. निव्वळ मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) लवकर विरते.

मुंबईत असले मोजे घालणार कोण, हे खरेच. पण मनालीला निघालेल्यांसाठी विणणारे इथे थोडे नाहीत. लाल-पांढरी जोडी असेल तर लाल लोकरीचा तुकडा आधी भिजवून रंग सुटतो का, ते पाहावे.

– एक वाचक, दादर, मुंबई