पीएच.डी.नंतर काय?

महोदय,

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. झाली की पेढे वाटले जातात, दारावर ‘डॉ.’ची पाटी लागते आणि बहुतेकांचे संशोधन तिथेच थांबते. माझेही दोन वर्षे थांबले होते. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला, पण ज्या शाळांतल्या मुलांवर तो लिहिला, त्यांना निष्कर्ष कळवायचे राहूनच गेले. याची खंत आजही वाटते.

दिवाळीनंतर त्यातल्या एका शाळेत जाऊन वाचनाविषयीचे प्रकरण शिक्षकांपुढे मांडले. चौथीच्या बाईंनी विचारले, ‘‘अडखळणाऱ्या मुलांपैकी किती जण घरी गोंडी बोलतात, ते पाहिलंत का?’’ मौखिक परीक्षेत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही ते पाहिले नव्हते. आता त्यावरच काम करते आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास द्यावेत, आणि तेही स्वतःच्या आवडीनुसार. असे शाळेत बसून केलेले काम त्यात धरले जावे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाने आपल्या पीएच.डी.धारक शाळाशिक्षकांना ग्रंथालय आणि नियतकालिके पदवीनंतरही खुली ठेवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर