नंबर आला नाही, ड्युटी होती

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं रेसमध्ये कितवा नंबर आला, मी म्हटलं नाही हो बाबा माझी ड्युटी होती, आणि पलीकडे एकदम शांतता. आईला नक्की वाटलं असणार की पोरगी सुट्टीच्या दिवशीपण कामावर जाते. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच पाठवते, फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता आणि माझं सांगायचं राहून जातं.

तर आमच्या क्लबात शिडाच्या बोटींच्या रेस होतात हे तुम्हाला माहितीये, पण त्या घ्यायला पगारी माणूस कोणी नसतो. जे शर्यतीत उतरतात त्यांनीच सीझनमध्ये काही वेळा आपली बोट किनाऱ्यावर ठेवून बाकीच्यांसाठी रेस चालवायची. सीझनच्या आधी यादी लागते, कोणाला जमणार नसेल त्याने स्वतः दुसऱ्याशी अदलाबदल करायची, ऐनवेळी ‘सॉरी’चा मेसेज टाकणाऱ्याला मग सगळे बरोबर लक्षात ठेवतात. मला आधी वाटायचं ड्युटी म्हणजे एक रविवार वाया. आता खरं सांगू का, कधीकधी रेस करण्यापेक्षा रेस घेण्यातच जास्त मजा येते.

सकाळी सगळ्यात आधी वारा बघायचा. शिडाची कुठलीच बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही, साधारण 45 अंश तिरकं जाऊन नागमोडी वर चढावं लागतं, आणि सगळं कसब तिथेच दिसतं. त्यामुळे पहिला मार्क, म्हणजे बोटींनी वळसा घालायचा तो हवा भरलेला मोठा रंगीत बोया, बरोबर वारा येतो त्या दिशेला टाकायचा असतो. तो टाकायला एक छोटी मोटरबोट जाते, त्यात दोघं, एक चालवणार आणि एक नांगर, साखळी आणि दोराचं भेंडोळं सांभाळणार. दोर पाण्याच्या खोलीपेक्षा बराच जास्त सोडावा लागतो नाहीतर नांगर धरत नाही आणि तासाभराने बघावं तर मार्क भलतीकडेच निघालेला. ओल्या साखळीने हात काळे होतात ते वेगळंच.

आम्ही बाकीचे कमिटी बोटीवर, म्हणजे रेस घेणाऱ्यांच्या बोटीवर. ती नांगर टाकून उभी असते, तिच्यावर नारिंगी झेंडा, आणि थोड्या अंतरावर एक बोया, या दोघांच्या मधली जी न दिसणारी रेघ ती स्टार्ट लाइन. ही रेघ वाऱ्याला काटकोनात हवी. जरा तिरकी झाली की एका टोकाकडून निघणाऱ्याचा फायदा, मग सगळ्यांना तेच टोक हवं असतं आणि तिथे ही गर्दी, आरडाओरडा, बोटीला बोट घासते. म्हणून रेस ऑफिसर, म्हणजे त्या दिवशीचा आमचा प्रमुख, सारखा हातात कंपास घेऊन वाऱ्याची दिशा मोजत असतो आणि कोणीतरी वहीत लिहीत असतं. वारा स्थिर नसतोच, डावी-उजवीकडे झुलत राहतो, त्यातला तात्पुरता झोका कुठला आणि खरोखर फिरलेला वारा कुठला हे ओळखणारी माणसं फार थोडी. आमच्याकडे एक काका आहेत ते आकडे न बघता पाण्यावरच्या गडद पट्ट्यांकडे बघून सांगतात.

बाबा, आता तुमच्या आवडीचा भाग, घड्याळ. स्टार्टच्या बरोबर 5 मिनिटं आधी त्या वर्गाचा, म्हणजे ज्या जातीच्या बोटी सुटणार तिचा, झेंडा वर आणि एक हॉर्न. 4 मिनिटांना दुसरा झेंडा, साधारणपणे निळा आणि मध्ये पांढरा चौकोन असलेला. 1 मिनिट उरलं की तो खाली आणि एक लांब हॉर्न. शून्यावर वर्गाचा झेंडा खाली, हॉर्न, सुटले! आणि नियम असा की वेळ झेंड्यावरून धरायची, हॉर्नवरून नाही, हॉर्न वाजलाच नाही तरी झेंडा हलला की सिग्नल झाला. म्हणून एक जण मोठ्याने ‘दहा, नऊ, आठ’ म्हणत असतो आणि दुसरा दोरी हातात धरून श्वास रोखून उभा, त्या क्षणी कोणी जोक केला तर मार खाईल. तुम्ही इथे असतात तर ते घड्याळ तुमच्याच हातात दिलं असतं आणि तुम्ही कोणाला बोलू दिलं नसतं.

एखादी बोट लाइनच्या आधीच पुढे गेली तर पांढऱ्यावर निळा क्रॉस असलेला झेंडा आणि एक हॉर्न, तिने मागे येऊन परत स्टार्ट घ्यायची. पण बरेच जण पुढे गेले आणि कोण कोण ते ओळखताच आलं नाही तर निळा-पिवळा तिकोनी झेंडा, दोन हॉर्न, सगळे परत. मागच्या ड्युटीला तर 5 मिनिटांचं काउंटडाउन चालू असतानाच वारा असा फिरला की लाइन पार वाकडी. रेस ऑफिसरने लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा चढवला, म्हणजे थांबा, पुढे ढकललंय. झालं, मार्क बोट बोया उचलून दुसरीकडे न्यायला निघाली आणि इकडे तीसेक बोटी आमच्याभोवती गिरक्या घालताहेत, प्रत्येक जण जाता जाता विचारतोय, ‘अजून किती वेळ?’ वैताग येतो. पण तोच झेंडा चढवायला जिगर लागते असं माझं मत झालंय, कारण वाईट लाइनवर तशीच रेस सुरू करून देणं सगळ्यात सोपं असतं आणि त्या वेळी कोणी तक्रारपण करत नाही, तक्रारी संध्याकाळी येतात.

फिनिशला उलटी गंमत. तासभर काही काम नाही आणि मग दहा बोटी एकदम. एक जण शिडावरचे नंबर ओरडणार, दुसरा लिहिणार, पेनने नाही, पेन्सिलने, कारण कागद ओला होतोच. आणि तिसरा सगळं फोनवर रेकॉर्ड करणार, नंतर वाद झाला तर ऐकता यावं म्हणून. बोटी वेगवेगळ्या जातीच्या असतील तर सेकंदपण लिहायला लागतात, कारण संथ बोटीला सूट असते. पोर्ट्समथ यार्डस्टिक म्हणून एक पद्धत आहे, प्रत्येक जातीच्या बोटीला एक आकडा असतो, लागलेल्या वेळेला 1000 ने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं. समजा 1100 वाल्या बोटीला 60 मिनिटं लागली तर ती धरायची साधारण साडेचोपन्न, म्हणजे 1000 वाली 57 मिनिटांत येऊनसुद्धा मागे. हा हिशोब करणाऱ्याचे आभार कोणी मानत नाही, निकाल उशिरा लागला तर शिव्या मात्र त्यालाच. गुण पण उलटे असतात, पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, शेवटी ज्याचे कमी तो जिंकला.

भांडणं होतातच. वारा डाव्या अंगाने येत असेल तर उजव्या अंगाने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची हा पहिला नियम, आणि ‘मी वाट दिली होती’ हे दोघंही शपथेवर सांगतात. पाण्यात रेफ्री नसतो हो, चुकलं तर आपणच दोन गिरक्या घेऊन शिक्षा भोगायची. नाही घेतली तर समोरचा ‘प्रोटेस्ट!’ ओरडतो आणि संध्याकाळी सुनावणी, टेबलावर खेळण्यातल्या छोट्या बोटी मांडून, मोठी मोठी माणसं त्या बोटी सरकवत ‘मी इथे होतो’ करत असतात. निकाल देणारेपण क्लबातलेच, उद्या यांच्याच बरोबर बोट उचलायची असते, तरी देतात.

आता आई, तुझ्यासाठी. छोट्या बोटी उलटतात, रोज उलटतात, त्यात विशेष काही नाही, बोटीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून वजन टाकलं की परत सरळ होतात. पण रेस्क्यू बोट पाण्यात नसेल तर आमच्याकडे रेस सुरूच करत नाहीत. तिच्यावर नियम एकच, आधी माणसं, बोटीचं नंतर बघू. डोकी मोजायची, सगळी वर दिसली की मग दोर फेकायचा. चालवणाऱ्याच्या मांडीला एक दोरी बांधलेली असते, तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद. आणि सकाळी पाण्यात गेलेल्या प्रत्येकाने परत आल्यावर यादीत सही करायची, एक सही कमी असली तरी आम्ही कमिटीवाले घरी जात नाही. बहुतेक वेळा तो माणूस सही न करता आंघोळ करत असतो, ते सोडा. लाइफ जॅकेट मी घालते, विचारायच्या आधीच सांगते.

पुढच्या वेळी मला निकालाच्या टेबलावर टाकलंय म्हणे. त्या दिवशी संध्याकाळी फोन नका करू, बेरजा चुकतील. सोमवारी करते मी.

तुमची,
छकुली