नळ गेला नव्हता, स्पिंडल गेला होता

महोदय,

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी आहे. ती वाचत वर जायचे आणि घरात शिरले की ओट्यावरच्या नळाची टपटप ऐकायची, यात माझा अख्खा फेब्रुवारी गेला. एकदा रात्री दहाला नळाखाली पातेले लावून झोपले. सकाळी सहाला मापाने मोजले, तर साडेचार लिटर! मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे, म्हणून आम्ही नवी मुंबईकर जरा ताठ्यातच असतो. ते पाणी पार नेरुळपर्यंत आणून आम्ही सिंकमध्ये सोडत होतो.

प्लंबर आला, नळाची दांडी दोनदा फिरवली आणि म्हणाला, “काकू, नळ गेलाय. नवीन बावीसशेत बसवून देतो.” उघडून तरी बघ म्हटले, तर “हे उघडत नाहीत.” येण्याचे दोनशे घेऊन गेला.

सिडकोच्या घरात राहायला आलो तेव्हा पितळी नळ होते. गळायला लागले की वायसर आणायचा, पान्याने डोके उघडायचे, झिजलेला काढून नवा घालायचा. हे काम मी कितीदा केले आहे. ओटा नवा केला तेव्हा पाव फेऱ्यात उघडबंद होणारा नळ आला. त्यात वायसर नाही. आत स्पिंडल असतो आणि त्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. वाळूचा कण अडकला की ओरखडा पडतो आणि तिथून पाणी झिरपते. आणि हो, हे नळ उघडतात. दांडीवरचा लाल-निळा ठिपका नखाने उचकटला की खाली स्क्रू दिसतो. (आधी सिंकच्या भोकात फडके कोंबा. माझा पहिला स्क्रू थेट गटारात गेला.)

खरा छळ पुढे. घराचा वॉल्व्ह डक्टमध्ये गंजून घट्ट बसलेला. वॉचमनने गच्चीवरचा बंद केला, तर चार घरांचे पाणी गेले. वरच्या मजल्यावरच्या आजी साबण लावून बसल्या होत्या, त्या अजून बोलत नाहीत.

स्पिंडल रुमालात बांधून मी दुकाने हिंडले. पाच ठिकाणी एकच उत्तर, “पार्ट येत नाही, नळच घ्या.” सहाव्याने खोका उपडा केला. स्पिंडलच्या टोकाला बारीक दाते असतात. माझ्याला वीस, त्याने आधी दिला त्याला चोवीस, दांडी बसेचना. शेवटी जोडीचा सापडला, एकशे चाळीस रुपयांत. बसवायला वीस मिनिटे लागली.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे, पोर्टल सुरू केले. त्यात मोबाइल आहेत, गाड्या आहेत, शेतीची अवजारेही आहेत. रोज शंभरदा हात लागतो तो नळ कधी येणार? तोवर कंपन्यांनी निदान दात्यांची संख्या खोक्यावर छापावी आणि दुकानदारांनी नळाशेजारी त्याचा स्पिंडलही ठेवावा. सोसायट्यांनी दर दिवाळीला जिने धुताना डक्टमधले वॉल्व्हही एकदा फिरवून घ्यावेत. आमच्या कमिटीला मी तसे लेखी दिले आहे. उत्तर आलेले नाही, पाटी मात्र नवी लागली आहे.

– एक गृहिणी, नेरुळ, नवी मुंबई