बाळाचा दुमडलेला कान : दीड महिन्याच्या डोसपर्यंत थांबू नका

संपादक महोदय,

बाळ जन्मलं की नाळ, टाळू, कावीळ, वजन सगळं बघितलं जातं. कानाची वरची कड दुमडलेली असेल तर मात्र ‘तेल लावून चोळत राहा, येईल सरळ’ एवढ्यावर बोळवण होते. पुढे दीड महिन्याच्या डोसला नेल्यावर आई धीर करून विचारते. तोवर शस्त्रक्रियेविना कान वळवण्याचे दिवस बहुधा हातचे गेलेले असतात, आणि मग ‘पाच-सहा वर्षांचं होऊ द्या, ऑपरेशन करू’ हेच ऐकावं लागतं. त्या वयात हे ऑपरेशन सहसा पूर्ण भूल देऊनच करतात.

आईचं इस्ट्रोजेन हे संप्रेरक जन्मानंतर थोडे दिवस बाळाच्या रक्तात असतं. त्यामुळे कानाच्या कूर्चेत (लवचिक हाडात) हायल्युरॉनिक आम्ल हा मऊपणा देणारा पदार्थ जास्त राहतो आणि कूर्चा मऊ असते, वळवाल तशी वळते. इस्ट्रोजेन पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने उतरू लागतं आणि सुमारे सहा आठवड्यांत नेहमीच्या पातळीवर येतं. या मऊपणाचा उपयोग करून, कानाला काही आठवडे साचा लावून तो आकारात आणायचा उपचार जपानचे डॉक्टर मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडला. म्हणजे उपचार नवा नाही. आपल्याकडे तो वेळेत पोहोचत नाही, एवढंच.

आधी एक भेद नीट कळायला हवा. कानाचे सगळे भाग आहेत, पण दुमडलेले किंवा दबलेले आहेत, असा कान साच्याने सुधारतो. कानाचा भागच तयार झालेला नाही किंवा कानाचं भोकच नाही, तिथे साचा लावून उपयोग नाही. अशा बाळाची श्रवणचाचणी मात्र लगेच करायला हवी. ओळखण्याची साधी खूण अशी : स्वच्छ बोटाने हलकेच कान नेहमीच्या आकारात आणून बघा. बोट असेपर्यंत आकार नीट दिसतो आणि सोडल्यावर पुन्हा बिघडतो, तर तो कान बहुधा वळण्याजोगा आहे. वरचा भाग डोक्याच्या कातडीखाली दडलेला, वरची कड खाली लोंबलेली, एक जादा घडी पडून वर टोक आलेलं, किंवा नाडी ओढलेल्या बटव्यासारखी कड आवळलेली, हे नेहमी दिसणारे प्रकार. यातला शेवटचा सर्वांत चिवट. पुढे आलेले कान तर जन्मतः अनेकदा लक्षातच येत नाहीत, पुढच्या काही आठवड्यांत उठून दिसतात. म्हणून एकदा बघून विसरू नये.

पोटात दबून वाकडे झालेले सुमारे तीस टक्के कान पहिल्या आठवड्यात आपोआप सुधारतात. तेव्हा पाच-सात दिवस वाट पाहायला हरकत नाही, पण पहिल्या दिवशीच समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. सातव्या दिवशी फोटोशी ताडून बघायचं. फरक नसेल तर बारशाची वाट न बघता डॉक्टर गाठायचे.

उपचार प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात. कानाभोवतीचे केस एक-दीड सेंटिमीटर काढून कातडी स्पिरिटने पुसतात आणि पूर्ण कोरडी करतात. तयार साच्याचा संच मिळतो : कानामागे बसणारी चौकट, कडेला आधार देणारे तुकडे आणि वरचं झाकण. तो महाग पडतो. परवडत नसेल तर बाळाला दूध भरवायची ६ किंवा ८ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) बारीक नळी घेऊन तिच्यात मऊ तार सरकवतात, टोकं बंद करतात, कडेच्या आतल्या खोबणीत ती वाकवून बसवतात आणि जखमेवर लावायच्या कागदी पट्ट्यांनी कडेसकट धरून ठेवतात. हेही चांगलं काम देतं, पण ते जाणत्या हातानेच व्हायला हवं. घरी नुसती चिकटपट्टी लावून कान डोक्याला चिकटवला तर आतली घडी तयार होत नाही आणि पट्टी ओढून काढताना नाजूक कातडी सोलवटते. घट्ट कुंची बांधून तर काहीच साधत नाही, उलट कड पुन्हा दुमडते.

पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर सहसा दोन ते चार आठवडे पुरतात. तिसऱ्या आठवड्यानंतर सहा किंवा जास्त लागू शकतात आणि निकालही कच्चा राहतो. साचा लवकर काढला तर कान थोडा मागे फिरतो, म्हणून आकार आल्यावरही काही दिवस पट्टी ठेवतात.

बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी. पहिलं कारण तेल. रोज बाळाला चोपडून न्हाऊ घालायची आपली पद्धत, आणि तेलाच्या कातडीवर पट्टी टिकत नाही. उपचार चालू असेपर्यंत टाळूला तेल नको, डोक्यावर पाणी नको, अंग पुसून घ्यावं. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना हे आधीच बजावून ठेवावं. धुरी-शेगडीच्या उबेने आणि कोकणातल्या दमट हवेत घामाने पट्ट्या सुटतात, तेव्हा खोली हवेशीर हवी. बाराव्या दिवशी कान टोचायचा बेत असेल तर तो पुढे ढकलावा.

दुसरं कारण दाब. कानाच्या आतल्या घडीवर आणि मागच्या खाचेत कातडीला दाबाचे चट्टे पडतात. कड पांढरी किंवा जांभळी दिसली, बोटाने दाबूनही फिकट न होणारी लाली असली, पाणी येत असलं, वास आला किंवा बाळाला ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावं. चट्टा बरा होईपर्यंत साचा काढून ठेवतात आणि मग पुन्हा बसवतात. पहिली तपासणी एक-दोन दिवसांत आणि नंतर साधारण आठवड्याला हवीच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी फार पातळ असते, तिथे घाई नको.

ग्रहणात चिरलं-कापलं म्हणून कान असा झाला, असं अजूनही बाळंतिणीला ऐकवलं जातं. त्यात काडीचं तथ्य नाही. तिला त्या दिवसांत आणखी बोल लावू नयेत.

मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात जन्मजात बहिरेपण आहे, कानाचा आकार नाही. पण नवा कार्यक्रम कशाला हवा? गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने दाखवलेल्या वाटेवरच्या गृहभेटींत आशाताई तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी बाळाला भेटतच असतात. सातव्या दिवसाच्या तपासणीत ‘दोन्ही कानांचा आकार’ अशी एक ओळ घालावी आणि दोष दिसल्यास आठवडाभरात जिल्हा रुग्णालयात पाठवावं. प्रसूतिगृहांनीही डिस्चार्ज कार्डावर कानांची नोंद करावी. आरोग्य विभागाने याचा विचार करावा, ही विनंती.

– नवजात बालकांवर उपचार करणारे डॉक्टर, नाशिक